रिकाम्या गावातली दुपार

नंदा,

कुडाळच्या प्लॅटफॉर्मवर बसलोय. पॅसेंजर पाऊण तास लेट आहे. बसलोय म्हणतो, पण बूड कुठे टेकतंय? दोनदा पुलावरून पलीकडे जाऊन आलो. तीन चहा झाले. चहावाला आता मला येताना बघून न विचारताच कप भरायला लागलाय. समोरच्या बाकावरची बाई आपल्या पोराला म्हणाली, "तो आजो बघ कसो फेऱ्ये मारता." आजो! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि घरी जाईपर्यंत मला आजो म्हणाली असतीस.

तू गेल्याला आज अठरावा दिवस. करायचं ते सगळं रीतसर झालं. पाहुणे गेले, झील गोव्याला कामावर गेला. जाताना म्हणाला, "बाबा, चार दिस माझ्याकडे चला." नको म्हटलं. मग म्हणाला, "मामाच्या गावाक जावचा आसात तर मी गाडीनं सोडतंय." तेही नको म्हटलं. तुझ्या गावाला आपण कधी रेल्वेशिवाय गेलोय? मग आजच मोटारीत बसून जाऊ? पहाटे देवबागातून निघालो, एसटीनं इथवर आलो, आणि आता ही मेली गाडी येत नाही.

मी कशाला निघालोय ते तुला सांगायला नको. पंचवीस वर्षं तू माझ्या मागे लागली होतीस. म्हणायचीस, एकदा माझ्या गावच्या रवळनाथापुढे उभे राहूया, त्या दुपारचं जे काय मनात आहे ते सांगूया, गाऱ्हाणं घालूया, म्हणजे मोकळे होऊ. आणि पंचवीस वर्षं मी तुला उडवून लावलं. कसली चूक आणि कसलं गाऱ्हाणं? जेवलो, हात धुतले, घरी आलो. देवाला दुसरी कामं नाहीत काय? तुझ्या आजारपणाच्या आधी आठ दिवससुद्धा आपण त्यावरूनच भांडलो. तू हातातला डाव कढईवर आपटलास आणि म्हणालीस, "तुमचा तोंड देवापुढे उघडूचा नाय, घरात मात्र मिटना नाय." त्यानंतर तो विषय निघाला नाही. कोणाला माहीत होतं की पुन्हा निघणारच नाही म्हणून!

तर आज मी एकटा जातोय. अंताला, तुझ्या भावाला, फोन केलाय. त्याने गावकाराला, गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याला, सांगून ठेवलंय, दुपारी बारा वाजता देवळात या म्हणून. आणि तिथे उभा राहून नेमकं काय बोलणार, ते माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून ह्या फेऱ्या.

आली. बसलो. सवयीने डाव्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसलो. गाडी सुटली आणि पाच मिनिटांनी उठून उजवीकडे आलो. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, तिकडे ऊन येतलाऽ." येऊ दे म्हटलं.

डावी बाजू माझी, उजवी तुझी. दरवर्षीचं भांडण. मी डावीकडे बसायचो कारण समुद्र त्या बाजूला आहे. दिसत नाही, ठाऊक आहे मला. ह्या रेल्वेला समुद्राचं वावडं आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला डब्यात कोंबायचं आणि डोंगर, बोगदे, नद्या, भातशेती, सगळं दाखवायचं, फक्त समुद्र तेवढा दाखवायचा नाही. मी कुरकुरलो की तू म्हणायचीस, "समुद्र रोज बघतास मा? आता जरा जमीन बघा." आणि मान धरून माझं तोंड तुझ्या खिडकीकडे वळवायचीस, चारचौघांत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण खरं सांगू? जमीन मला तूच दाखवलीस. मला शेत म्हणजे शेत एवढंच कळायचं. गाडीतून तू कोणाच्या कोणाच्या शेतावर शेरे मारत जायचीस. "ह्येंका मेर बांधूक येणा नाय." "ह्येना कुळीथ पेरूक उशीर केल्यान." "त्या काजीक यंदा मोहर बघा, डोळो लागात." ओळख ना पाळख, धावत्या गाडीतून बघायचं आणि पन्नास मैलांतल्या शेतकऱ्यांना नापास करायचं. आज कापणी होऊन गेलीय, शेतं मोकळी पडलीत, मळणीच्या गवताच्या गंजी अंगणाअंगणातून उभ्या आहेत. एका शेतात कुळीथ चांगला वर आलाय. आत्ता माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्येना वेळेवर पेरल्यान." शेजारचा माणूस बघायला लागला. मी खिडकीबाहेर तोंड घातलं.

बोगदा येऊन गेला. बोगद्यातली तुझी गंमत आठवून मी अंधारात एकटाच हसलो. बोगद्यात आवाज घुमायला लागला की लोक गप्प बसतात. तू उलट आवाज चढवायचीस, बोलणं काही तोडायचीस नाही. आणि बोगदा संपला की एकदम सगळं शांत, आणि तुझं अर्धं वाक्य अख्ख्या डब्याला ऐकू. "...आणि वर म्हणतत माका भूकच नाय!" एकदा सगळा डबा माझ्याकडे बघून हसला. मी पुढच्या स्टेशनावर डबा बदलूया म्हणालो, तर म्हणालीस, "तुमी जावा. माझी हयसर वळख झाली." आणि खरंच, त्या बायकांशी तू उतरेपर्यंत गप्पा मारल्यास. एकीने तुला उकडलेल्या शेंगा दिल्या. मला दोन मिळाल्या.

आता गाडी थांबलीय. क्रॉसिंग. समोरून एक्स्प्रेस येतेय, ती गेल्याशिवाय आपल्या पॅसेंजरला वाट नाही. हेही दरवर्षीचं. स्टेशन एवढंसं, दोन बाक, एक नळ, मागे आवळ्याचं झाड. मी घड्याळ बघत चडफडायचो आणि तू खाली उतरून झाडाखाली. "अगो, सुटात गाडी!" "सुटली तर सुटली, दुसरी येतली." ओचा भरून आवळे आणायचीस. मीठ पुडीत बांधून घरूनच आणलेलं असायचं, म्हणजे ठरवूनच आलेली असायचीस. आज उतरलो नाही मी. झाडाखाली दोन मुली आहेत. बघत बसलोय.

इथे लिहून टाकतो. गाडी उभी आहे तोवर हात स्थिर आहे.

ती दुपार. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. रेल्वे नवीन होती. माझ्या होडीचं इंजीन खोललेलं, सुटा भाग यायला चार दिवस. तू म्हणालीस, आयेकडे जाऊन येऊया, न सांगता जाऊया, दचकवूया. टोपलीत बर्फ, बर्फावर बांगडे आणि एक ही एवढी सुरमई, वर केळीचं पान, आणि सगळं माझ्या नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेलं. डब्यात एकाने नाक दाबलं तर तू म्हणालीस, "नाक कित्याक दाबतास? वास फुकट हा, घेवा." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की हिच्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय.

स्टेशनवरून शेताच्या मेरेवरून अर्धा तास चाललो. तू पुढे, मी टोपली घेऊन मागे. पहिल्या घरापाशी तू हाक मारलीस. उत्तर नाही. दुसऱ्या घरापाशी मारलीस. तिथेही नाही. कुत्रं भुंकलं नाही. गोठ्यात गुरं नाहीत, खुराड्यांची दारं उघडी, अंगणं झाडलेली आणि रिकामी. विहिरीपाशी आलो तर रहाटाचा दोर काढून नेलेला. तिथे तू थांबलीस, तोंडावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आगो बाये! गाव पळालो."

गावपळण मी ऐकून होतो. आमच्या तालुक्यातली काही गावंही पळतात. देवाने कौल दिला की अख्खं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं, माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, अंथरुणाला खिळलेली म्हातारीसुद्धा. ओढ्यापलीकडे झोपड्या घालून राहतात. तुमच्यात तीन दिवस. त्या दिवसांत गावात देवाचा वावर, माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. पुन्हा कौल लावायचा, देव हो म्हणाला की गाव भरायचं. हे सगळं ठाऊक होतं. पण पळालेल्या गावात मासळीची टोपली घेऊन घुसलेला मीच पहिला असेन.

"माका कोणी कळवूक नाय," तू म्हणालीस. तुझा आवाज एवढासा झाला. कारण माहेरवाशिणींना आधी कळवतात. त्या पोराबाळांना घेऊन येतात, आयशीच्या झोपडीत तीन दिवस राहतात. वर्षाच्या सणासारखं ते. तुला वाटलं, मी लग्न करून गेले आणि घरचे मला विसरले.

ह्या वाक्यापाशी मी परत येतो. येणारच आहे. थांब जरा.

तू म्हणालीस, "परत जावया." आणि मी म्हटलं, आता आलोच आहोत. मासे नासतील. खाऊन जाऊ, बघायला आहे कोण? "देव आसा," तू म्हणालीस. मी म्हटलं, "मग देवाकय एक बांगडो वाढूया." तू रागावायला तोंड उघडलंस आणि तुला हसू फुटलं. तिथेच सगळं फिसकटलं.

टोपलीची दोरी कळशीला बांधून आपण पाणी काढलं. तुमच्या दाराला नुसती कडी होती. तू पदर खोचून चूल पेटवलीस आणि बांगडे भाजलेस. सुरमईचं तिखलं केलंस. तुझ्या आयेच्या डब्यातली कोकमाची सोलं सापडेनात म्हणून तू तिलाच शिव्या घातल्यास. केळीच्या पानावर जेवलो, एकाच पानावर. मग तू मला गाव दाखवायला निघालीस. जिथून पडलीस ते चिंचेचं झाड. जिथे मार खाल्लास ती शाळा. भर रस्त्यात उभी राहून तू ओरडलीस, "मी इलंय गेऽऽ!" आणि साडी धरून धावत सुटलीस, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या गावात तुझा आवाज कधी चढला नव्हता, तूच सांगितलंस. मोठ्यांच्या पुढ्यात मान खाली, रस्त्याने कडेकडेने. त्या दिवशी अख्खा गाव तुझा होता आणि बघायला मी एकटा. नंदा, मी खूप पाहिलंय. वादळातून होडी परत आणलीय, रात्रीचा समुद्र पेटलेला पाहिलाय. पण सुंदर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला ते तुझं धावणं आठवतं.

खळ्यात सावलीला आडवे झालो. चारच्या सुमाराला ओढ्यापलीकडून गुरांच्या घंटा ऐकू यायला लागल्या, पोरांचा कालवा, धूर. आणि त्यात तुझ्या आयेचा आवाज. "अंताऽऽ, ये रे चायेक!" तू ताडकन उठून बसलीस. हाकेच्या अंतरावर आये होती. जायचं तर होतं, पण गावाच्या आतून बाहेर येताना सगळे बघणार. "खंयसून इलात म्हणान इचारल्यानी तर काय सांगतलंव?" आपण चूल सारवली, काटे पुरले, कडी घातली आणि चोरासारखे परड्यांच्या मागून स्टेशनवर आलो. परतीच्या गाडीत तू रडलीस, मग हसलीस, मग पुन्हा रडलीस. ह्याच स्टेशनावर क्रॉसिंगला.

चैत्रात तुझी आये गेली. मधल्या काळात जाणं झालं नव्हतं, मला मासेमारीचा हंगाम होता. तो चहाला हाक मारणारा आवाज, तोच तुझ्यासाठी शेवटचा.

तेव्हापासून तू म्हणायला लागलीस, देवापुढे जाऊया. मला वाटायचं, तू त्या दुपारला पाप म्हणतेस. माझ्या जन्मातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाला देवळात उभं राहून मी चूक म्हणायचं? चार म्हाताऱ्यांपुढे? शक्य नाही. म्हणून भांडायचो. तुला वाटायचं मी देव मानत नाही. मानतो गो. होडी ढकलताना कोण मानत नाही? त्या दुपारसाठी माफी मागायची नव्हती मला, एवढंच.

एवढंच नाही. एक्स्प्रेस गेली. गाडी हलायला लागली. आता लिहितो.

अंताने कार्ड पाठवलं होतं. आपण निघालो त्याच्या पाच-सहा दिवस आधी. मी होडी ढकलत होतो, गुडघाभर पाण्यात, आणि पोस्टमन किनाऱ्यावर आला. म्हणाला, वहिनींच्या माहेरचं कार्ड. मी ओल्या हाताने घेतलं, सदऱ्याच्या खिशात घातलं. वाचलं नाही. काय असणार, खुशाली. परत येईपर्यंत सदरा चिंब, कार्डाचा लगदा, शाई पसरून निळा डाग. तुला दाखवलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. माहेरचं कार्ड म्हणजे तुला काय होतं ते मला ठाऊक होतं. मी तो लगदा वाळूत टाकला आणि गप्प बसलो. क्षुल्लक गोष्ट वाटली. दिवसभरात विसरूनही गेलो.

आणि त्या विहिरीवर तू म्हणालीस, माका कोणी कळवूक नाय. त्या क्षणाला मला कळलं त्या कार्डात काय होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. "कळवलंय तुला, मी भिजवलं" एवढंच. तुझा चेहरा बघून धीर झाला नाही. म्हणून मासे, म्हणून जेवूया, म्हणून हसवणं. मी तुला हसवलं ते झाकायला. मग चैत्र आला, आणि मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. कार्ड तुला दिलं असतं तर तीन दिवस तू आयेच्या झोपडीत झोपली असतीस. तिच्या हातचा चहा प्यायली असतीस. ते मी घालवलं. माझी भीती, दुसरं काही नाही. समुद्राला घाबरला नाही तो माणूस बायकोच्या रागाला घाबरला.

स्टेशन आलं. उतरतो.

परतीच्या गाडीत लिहितोय. अक्षर कसंही येतंय.

अंता न्यायला आला होता, छत्री घेऊन, भर उन्हात. केस पिकले त्याचे. घरी पाणी प्यायलो, जेवायला थांबा म्हणाली त्याची बायको, मी म्हटलं आधी देऊळ. मला बसवेना. देवळात सात-आठ माणसं होती. गुरव, गावकार, चार म्हातारे, अंता. गावकार वाकलेला, पण आवाज असा की कौलं हलतील. मी नारळ ठेवला. त्याने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज ह्यो तुझ्या चेडवाचो घोव, गावचो जावय, तुझ्या पायरेर उभो रवलो हा..."

"व्हय महाराजा!"

"तेच्या मनात जा काय आसा, ता तो आपल्या तोंडान तुझ्या कानार घालता. बोला, पावण्यांनू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "गाव पळालेलो आसताना आमी दोघां भितूर इलंव. इहिरीचा पाणी काढलंव. चूल पेटवलंव, मासे रांधलंव." एक म्हातारा 'आई गे' म्हणाला. गावकाराने त्याला डोळ्याने गप्प केलं. "ती परत जावया म्हणत होती. मी थांबवलंय. आणि गाव पळता म्हणान सांगणारा कार्ड माझ्या हातात इला होता. मी ता भिजवलंय, टाकलंय, नि तिका सांगूक नाय. मरासर सांगूक नाय." ठेवलेला नारळ मी उगाच सरळ केला. "देवा, त्या दुपारची माफी मी मागूचंय नाय. ती दुपार माका होयी. कार्डाची मागतंय."

अशी मागणी त्यांनी कधी ऐकली नसणार. गाऱ्हाण्यात कोणी देवाला अमुक माफ कर आणि तमुक राहू दे असं सांगत नाही. मला वाटलं, आता हाकलतात. गावकाराने माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जा मागता हा, ता तेका दी, महाराजा."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. ज्याने आई गे म्हटलं होतं तोही.

जेवलो. तुझ्या भावजयीने वालीची भाजी केली होती, आणि सुकटीची चटणी. मी मासा घेऊन गेलो नव्हतो, पहिल्यांदाच रिकाम्या हाताने गेलो तुझ्या माहेरी.

अंता सोडायला आला. त्याच मेरेवरून. मी पुढे, तो मागे. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "भावोजीनू, ताईक ठावक होता."

काय ठावक होतं?

"कार्डाचा. आयेच्या बाराव्याक इलेली तेव्हा माका परड्यात नेल्यान नि इचारल्यान, तू माका कार्ड धाडूक नाय? मी म्हटलंय, धाडलंय गो. उगी रवली. मगे देवबागाक परत गेल्यार पोस्टमनाक इचारल्यान. तेना सांगल्यान, तुझ्या घोवाच्या हातात दिलंय." त्याने छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. "नंतर मी एकदा म्हटलंय, ताई, भावोजींका सरळ इचार तरी. तर म्हणाली, नको. तू तोंड उघडू नको. ते आपणच सांगतले."

गाडी आली. मी चढलो. त्याला हात केला की नाही ते आठवत नाही.

म्हणजे पहिल्या वर्षापासून. म्हणजे डाव आपटलास तेव्हाही. बोगद्यात ओरडत होतीस, आवळे आणत होतीस, माझं तोंड धरून जमिनीकडे वळवत होतीस, तेव्हाही तुला ठाऊक होतं. देवळात जाऊया, मनातलं काय ते सांगूया. मी समजत होतो तू देवाला घाबरतेस. आणि तू मला दरवर्षी वाट काढून देत होतीस, की घरात जमत नाही तर देवापुढे तरी बोल म्हणून.

मला राग आलाय तुझा. खरंच आलाय. डब्यात लोक आहेत म्हणून, नाहीतर ओरडलो असतो. विचारायचं होतंस ना गो! एकदा सरळ तोंडावर विचारायचं होतंस, कार्ड तुमच्या हातात आलं होतं काय म्हणून. तुझं तोंड काय गप्प राहणारं होतं? मी सांगितलं असतं.

नाही. नसतं सांगितलं. कसलं कार्ड, म्हणालो असतो. आणि तू मला ओळखून होतीस, नंदा. माझ्या तोंडून ते खोटं तुला ऐकायचं नव्हतं.